पंधरा किलो

पिशव्या त्याच्या, राख माझी.
हे कधी ठरलं आठवत नाही.
लग्नात पाद्र्याने विचारलेल्या प्रश्नांत
नव्हतं, एवढं नक्की.

सप्टेंबरात तोल्मेत्सोहून ट्रक येतो,
एकशे चाळीस पिशव्या अंगणात टाकून जातो.
एर्मेस त्या तळघरात रचतो,
विटांसारख्या, सांधे चुकवून,
मग दोन पावलं मागे सरून उभा राहतो,
जणू कुणीतरी टाळ्या वाजवणार आहे.

रोज संध्याकाळी एक. बावीस पायऱ्या.
खांद्यावरून शेगडीच्या पोटात पेलेट ओततो,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा आवाज.
आणि कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या संताशेजारी,
पेन्सिलीची एक काडी.

माझं काम सकाळचं, ती गार असताना.
गुडघे टेकून.
(चर्चमध्ये इतक्या वेळा टेकले असते
तर एव्हाना वर एक खोली राखून ठेवली असती माझ्यासाठी,
उबदार.)
वाटीत चिकटलेली खडी खरवडायची,
खालचा ट्रे उपसायचा,
काचेवरची काजळी ओल्या वर्तमानपत्राने,
कागद त्याच राखेत बुडवून.
ही युक्ती मी त्याला कधी सांगितली नाही.
त्याला वाटायचं, काच आपोआप स्वच्छ राहते.

तो बावीस अंशांवर ठेवतो, मी एकोणीसवर.
एका रात्री अंधारात आदळलोच एकमेकांवर,
रिमोटवर दोन हात.
ती रात्र वीसवर गेली.

नोव्हेंबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जसा आता माझा नंबर लागलाय.

पहिल्या संध्याकाळी मी चौथ्या पायरीवरच बसले,
शेजारी पिशवी,
दोघी बसची वाट बघत असल्यासारख्या.
वरून तो ओरडला, 'कंबरेतून नाही, नीवेस!
गुडघ्यातून उचल! अंगाला लावून धर!'
अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं
की या कामातही काही कसब असतं.

मग मी पिशवी खालीच फोडली.
टोमॅटोचे दोन रिकामे डबे, पाच खेपा.
त्याने कॅलेंडरवर पाच काड्या मारल्या,
मग खोडल्या, मग पुन्हा मारल्या.
म्हणाला, तू सगळा हिशेब बिघडवलास.

आणि तो, उंच स्टुलावर बसून,
लांब दांड्याच्या ब्रशने, शिव्या घालत,
राख काढायला शिकला.
तिसऱ्या दिवशी भांड्यांच्या घासणीने काच घासली.
ओरखडा उठला, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
जेवताना पोलेंटा उकरत म्हणाला,
'कशाने पुसतेस तू?'
सांगितलं.
त्याने कालचं वर्तमानपत्र मागून घेतलं,
आधी निधनवार्ता वाचल्या, दोन ओळखीचे निघाले,
मग ते पान बाजूला ठेवून
खेळांचं भिजवलं.

जानेवारीत बर्फाने तारा तोडल्या.
विजेशिवाय तिला काही सुचत नाही.
पंखा थांबला, आतला स्क्रू थांबला,
भरल्या पोटाने गार होत गेली.
तळघरात पिशव्यांची अख्खी भिंत उभी
आणि आम्ही दोन रजयांखाली, कोट घालून,
त्याच्या टाक्यांना धक्का लागू नये म्हणून
मी नेहमीच्या बाजूला नाही, दुसऱ्या.
अंधारात तो म्हणाला, 'तेवीस करू का?'
'कर,' मी म्हणाले.
त्याने पलंगाच्या कठड्यावर बोट दाबलं,
तोंडाने बीप केलं.

मार्चमध्ये परवानगी मिळाली.
पिशव्या परत त्याच्या,
पहिल्या दिवशी नवव्या पायरीवर थांबला, पण पोचला.
काच मात्र त्याने परत दिली नाही.
रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक मारते,
आटप, कॉफी उतू गेली.
तो स्टुलावर, चष्मा कपाळावर,
त्या ओरखड्याभोवती
हळूहळू पुसत असतो.